बापाचा रकाना

काराकेर नावाचा कोणी एक इसम आपल्या बापाच्या एकाहत्तराव्या वर्षी जन्माला आला, असं उल्जानच्या संगणकावरच्या काळ्या खिडकीने जाहीर केलं, तेव्हा उल्जानने म्हाताऱ्या जुमाकादिरला, गावभराच्या चोंगाताला म्हणजे आजोबाला, जवळ बोलावून हळूच विचारलं, "चोंगाता, हे खरं धरायचं का?"

म्हाताऱ्याने चष्मा नाकावर चढवला, पडद्यावरची ओळ बोटाने वाचली आणि असा काही हसला की डोक्यावरची उंच टोपी शेगडीपाशी जाऊन पडली. "अगं पोरी, तो घोडा."

घोडाच होता. म्हाताऱ्याने आपल्या वहीत एका पूर्वजाची पोरं लिहून झाल्यावर खाली लाडाने 'आणि त्याचा काराकेर' असं लिहिलं होतं, आणि उल्जानने इमानेइतबारे बाकीच्या माणसांबरोबर त्यालाही माणूस करून टाकलं होतं.

"पण तुझ्या यंत्राला घोडा कसा काय ओळखता आला?"

"घोडा नाही ओळखला. एकाहत्तराव्या वर्षी पोर होणं त्याला पटलं नाही, एवढंच."

"म्हणजे हुशार आहे," म्हातारा टोपी झटकत म्हणाला. "आमच्याकडची जुनी माणसं त्याला ठाऊक नाहीत, पण हुशार आहे."

त्या दिवसापासून त्याचा त्या खिडकीवर जीव जडला. त्याआधी तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. नारीन गावच्या वाचनालयातल्या बाकी सगळ्यांचे पडदे कसे रंगीबेरंगी, चित्रांचे. आणि ही मुलगी काळ्याकुट्ट खिडकीत पांढरी अक्षरं बडवत बसलेली. माऊस हातात धरायचा म्हटलं की हिच्या कपाळाला आठ्या. हिचं सगळं काम एका ओळीत: आधी फाईल उघड म्हणायचं, मग एक उभी दांडी काढायची, पुढे काय गाळायचं ते सांगायचं, पुन्हा दांडी, कसं लावायचं ते सांगायचं, पुन्हा दांडी, काय दाखवायचं ते सांगायचं. एका चाळणीतून पडलेलं दुसऱ्या चाळणीत, तिच्यातून तिसऱ्या. चार हजार एकशे ऐंशी माणसं वरून ओतायची आणि खाली हवी ती तीनच पडायची. उल्जानला त्यात जे सुख व्हायचं ते तिच्या आईला जन्मात कळलं नाही.

ही चार हजार माणसं म्हणजे जुमाकादिरची वंशावळ. त्याच्या अख्ख्या टोळीतले बाप आणि मुलगे, साठ वर्षं गावोगाव हिंडून लिहिलेले. दोन हिवाळे उल्जान वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ती वही टाइप करत होती. प्रत्येक माणसाला एक ओळ आणि ओळीत पाच रकाने: क्रमांक, नाव, बापाचा क्रमांक, जन्माचं वर्ष, वहीचं पान. वर्षांनी तिचा घाम काढला होता, कारण जुन्या लोकांची वर्षं आकड्यांत नव्हतीच, बारा जनावरांच्या नावांत होती. कोणी उंदराच्या वर्षी जन्मलेला, कोणी मेंढीच्या. उंदीर दर बारा वर्षांनी परत येतो, तेव्हा हा नेमका कुठला उंदीर, हे ठरवताना दोघांची भांडणं होत. पण एक नियम दोघांनी पहिल्या दिवशीच घालून घेतला होता. वहीत असेल तेच खिडकीत. खिडकीत काही बदलायचं तर आधी म्हाताऱ्याने वहीत स्वतःच्या हाताने बदलायचं, मगच उल्जानने बोट लावायचं.

म्हाताऱ्याला न्यायला-आणायला रोज त्याचा नातू यायचा. तालाय त्याचं नाव, गुरांचा डॉक्टर. आता पुढचं काय सांगायचं? दीड वर्ष एक तरणाबांड पोरगा रोज त्या खोलीच्या दारात उभा राहतोय आणि आत उल्जान बसलीय. जे व्हायचं ते झालं.

झालं ते मात्र रीतसर झालं होतं. दोघं पहिल्यांदा चहा प्यायला गेले तेव्हाच दोघांनी आपापले सात बाप म्हणून दाखवले होते. इकडे पोरापोरींची ओळख तशीच होते. सात पिढ्यांत एक जरी नाव जुळलं तरी ते भाऊबहीण, मग चहा संपवायचा आणि राम राम म्हणायचा. या दोघांची टोळी एक असली तरी सातातलं एकही नाव जुळलं नव्हतं. तालायला इतका आनंद झाला की त्याने दुसरी किटली मागवली होती.

आणि आता येत्या रविवारी तालायकडची मंडळी उल्जानच्या कानात कानातले घालायला येणार होती, इकडचा साखरपुडा तोच. तालायच्या आईने चांदीचे जड कानातले घेऊन ठेवले होते. फक्त जुमाकादिरला अजून कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याला सांगायचं म्हणजे त्याने मोजायला बसायचं, आणि मोजण्याच्या बाबतीत म्हातारा सख्ख्या भावाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात तो पोटभर मटण जेवला, हात पुसले, आणि उठून म्हणाला, "सातवा बाप एक आहे. पोरांनो, तुम्ही भाऊबहीण. जेवण छान होतं." ते लग्न तिथेच मोडलं.

"आम्हाला कसली भीती," गुरुवारी दुपारी तालाय टेबलाच्या कडेवर टेकत म्हणाला. "तू विचार की तुझ्या खिडकीला. म्हाताऱ्याच्या आधी आपणच प्रमाणपत्र काढून ठेवू."

"आधी खाली उतर. टेबल माझं नाही, सरकारचं आहे."

तो उतरला. उल्जानने ओळ लिहिली. फाईल उघड, दांडी, तालायच्या बापापासून निघ आणि बापाच्या क्रमांकाला धरून वर वर चढत जा, वर कोणी उरणार नाही तोपर्यंत. तसंच उल्जानच्या बापापासून चढ, कारण वहीत मुलींना जागा नाही. दांडी, दोन्ही याद्या शेजारी मांड आणि पहिलं सारखं नाव दाखव. लिहिताना ती हसत होती. तालायने तिच्या खांद्यावरून वाकून शेवटचं बटण स्वतः दाबलं.

पडद्यावर एकच ओळ आली. बोरुबाय. तालायकडून सात, उल्जानकडून आठ.

"सात-आठ," तालाय म्हणाला. "म्हणजे पास की नापास?"

उल्जानने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. लहानपणी प्रत्येकाला सात बाप पाठ करायला लावतात, आठवा कोणी विचारतच नाही. बोरुबाय तालायच्या सातातला शेवटचा, आणि तिच्या सातांच्या एकच पायरी वर बसलेला. म्हणून त्या दिवशी चहा पिताना नावं जुळली नव्हती.

"चोंगाता दोन्हीकडून सात धरतात," ती म्हणाली. "एकाच्या जरी सातात सापडला तरी नाही म्हणजे नाही."

"एका पिढीने?"

"एका पिढीने."

तालाय खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे यंत्र मी आणून दिलं असतं तर आता परत केलं असतं."

शुक्रवारी उल्जानने चूक शोधायला सुरुवात केली. चूक असणारच, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. ज्या फाईलमध्ये घोडा निघतो तिच्यात काय नाही निघणार? सगळ्यात आधी तिला बारा वर्षांच्या फेऱ्याचा संशय आला. कुठेतरी एखादा उंदीर बारा वर्षं पुढे-मागे पडला असेल, तर बाप आणि मुलगा यांच्यात मावणारी एक पिढी दडून बसली असेल. तिने चाळणी लावली: बाप आणि मूल यांच्यात पंचेचाळीस वर्षांहून जास्त अंतर असेल ते दाखव. ओळी पडल्या ढीगभर. त्यातली नुसती म्हातारपणी झालेली शेंडेफळं वगळायला तिने दुसरी चाळणी लावली: धाकटा आणि त्याच्या आधीचा भाऊ यांच्यात दहा वर्षांहून जास्त खंड हवा. तिसरी: थोरला भाऊ त्याच्यापेक्षा अठरा ते तीस वर्षांनी मोठा हवा.

खाली बत्तीस जण पडले. उल्जान पहिल्या नावाकडे बघत राहिली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ही टाइप करण्यातली चूक नव्हती, आणि उंदरांचीही नव्हती. बत्तीसही जण एकाच साच्यातले. आईबापांना भराभर मुलं झालेली, मग मोठा खंड, मग थोरल्याचं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं होतायत तोच म्हाताऱ्याला अचानक आणखी एक मुलगा. इकडचं शेंबडं पोरही ओळखेल हे काय आहे ते. पहिला नातू आजाआजीला द्यायचा असतो. तो त्यांच्या चुलीपाशी वाढतो, आज्यालाच बाप म्हणतो, आणि सख्ख्या बापाला बाइके, म्हणजे दादा. आणि वहीतही तसाच लिहिला जातो, आज्याचा मुलगा म्हणून. मधली एक पिढी गुपचूप गायब.

सत्ताविसावी ओळ होती: जुमाकादिर, जन्म १९४०, बाप किदिराली, जन्म १८९२.

"आपलाच म्हातारा?" संध्याकाळी हे ऐकून तालाय म्हणाला. "म्हणजे माझा आजा हा माझ्या... थांब, माझं डोकं फिरलं."

"किदिरालीचे थोरले तिघे एकोणीस, तेवीस आणि सव्वीस सालचे. मग चौदा वर्षं कोणी नाही. मग चोंगाता. थोरला इमानकुल त्यांच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठा. तोच त्यांचा बाप असणार. तसं असेल तर तुझ्याकडून बोरुबाय आठवा."

"मग बदल ना. एकच तर आकडा आहे."

"वहीत नाही ते खिडकीत नाही."

"उल्जान, कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि मी तुझ्याशी लग्न करून आयुष्यभर त्या आकड्याकडे बघत बसू का?"

तालाय वैतागला, दोनदा दारापर्यंत गेला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मग त्याला विचारणार कोण? मी नाही. मला तो लहानपणी कान धरून उचलायचा."

विचारलं उल्जाननेच. शनिवारी सकाळी म्हातारा नेहमीसारखा कणकेचे तळलेले बोर्सोक फडक्यात बांधून आला, चहा ओतून झाला, आणि ती म्हणाली, "चोंगाता, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. किदिरालीची चार मुलं एकाखाली एक. म्हाताऱ्याने वाचली.

"मध्ये चौदा वर्षं कोणी नाही," ती म्हणाली.

"मग माझ्या आईबापाने तुझी परवानगी काढायची होती का?"

"इमानकुलचं लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"मूल?"

म्हाताऱ्याने हातातला बोर्सोक परत फडक्यात ठेवला. बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता, पण उल्जानला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "मी किदिरालीचा मुलगा. त्याच्या पांघरुणात वाढलो. त्याने मला घोड्यावर बसवलं, त्याच्या तिरडीला मी मुलगा म्हणून खांदा दिला. पोर म्हाताऱ्याला दिलं की दिलं. ते परत मागत नाहीत. कागदावरसुद्धा नाही."

"मी मागत नाही, चोंगाता. मी फक्त..."

"तू फक्त लग्न करत्येस. तालायशी. मी म्हातारा आहे, आंधळा नाही. दीड वर्ष तो मला न्यायला अर्धा तास लवकर येतो, आणि प्रत्यक्षात नेतो एक तास उशिरा. घरातली एवढी मोठी गुपितं या कानांना ऐकू येतात." त्याने चहाचा पेला बाजूला सारला. "मी मोजलं. चार दिवस तेच करतोय. तीनदा मोजलं, सातच येतात."

उल्जानला रडू आवरेना. आवरायचा तिने फारसा प्रयत्नही केला नाही.

"रडू नकोस. माझं ऐक. ही वही माझी एकट्याची नाही, चार हजार माणसांची आहे. मी लोकांची लग्नं मोडली आहेत. आता स्वतःच्या नातवाची वेळ आली तर म्हाताऱ्याने बाप बदलला, असं अख्खं नारीन म्हणेल. आणि का म्हणू नये?"

उल्जानने डोळे पुसले. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिला खरंच ते बरोबर वाटलं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "नका लिहू. मी तालायला सांगते." तिने खिडकी बंद करायला हात पुढे केला.

"थांब. ते इमानकुलपुढे काय आहे?"

"वंशज मोजले होते मी, प्रत्येकाचे. बाकीच्या तिघांपुढे आकडे आहेत. त्यांच्यापुढे शून्य आहे."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यापुढे कोणी नाही. वंश संपला."

म्हातारा त्या शून्याकडे बघत बसला. वहीत शून्य नसतं. वहीत नावाखाली नुसती कोरी जागा असते, आणि कोऱ्या जागेकडे साठ वर्षं न बघता राहता येतं.

"बेचाळीस साली तो लढाईला गेला," तो म्हणाला. "मी दोन वर्षांचा. मला त्याचा चेहरा आठवत नाही. त्या वेळी बापासमोर स्वतःचं पोर कडेवर घेत नसत, लाज वाटायची. त्यातून मी तर त्याचा नव्हतोच, धाकटा भाऊ होतो. सगळं गाव निरोपाला जमलेलं. तर हा म्हणाला, खोगिराचा पट्टा आवळायचाय, छोट्याला द्या जरा माझ्याबरोबर, त्याला दाखवतो. आणि मला घेऊन गोठ्यामागे गेला. पट्टा आवळायला किती वेळ लागतो? तो खूप वेळ आलाच नाही. शेवटी किदिरालीने हाक मारली तेव्हा आला, मला खाली ठेवलं, आणि गेला. परत आलाच नाही." म्हाताऱ्याने नाक ओढलं. "हे मला माझ्या आईने सांगितलं, मरताना. तिलाही मी जन्मभर वहिनी म्हणालो."

उल्जानने त्याचा पेला गरम चहाने भरून परत त्याच्यापुढे ठेवला.

"किदिरालीचं ऋण मी खांदा देऊन फेडलं," तो म्हणाला. "याला मात्र मी स्वतःच्या हाताने निर्वंश लिहिलंय. पेन दे."

"लोक म्हणतील..."

"म्हणू देत. बत्तीस आहेत म्हणालीस ना असे? उरलेल्या एकतीस घरांत मी जाईन, आणि माझं पान उघडून दाखवून त्यांना विचारीन. आधी स्वतःचं लिहिल्याशिवाय कुठल्या तोंडाने विचारू?"

त्याने वही उघडली. एकशे अठरावं पान शोधायची त्याला गरज पडली नाही. आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली, इमानकुलच्या खालच्या कोऱ्या जागेत ते नाव पुन्हा लिहिलं, सावकाश लिहिलं, आणि शेजारी कंसात लिहिलं: किदिरालीच्या चुलीपाशी वाढला. मग वही उल्जानकडे सरकवली. "आता तुझं काम कर."

उल्जानने बापाच्या रकान्यातला आकडा खोडला आणि नवा घातला. एवढंच काम. मग तिला वाटलं सात-आठची ओळ पुन्हा चालवून बघावी, पण तिची हिंमत होईना.

"इमानकुलचं दाखव आधी," म्हातारा म्हणाला. "त्याच्या खाली कोण कोण आहे ते सगळं."

तिने ओळ लिहून बटण दाबलं. जुमाकादिर. त्याची चार मुलं. त्यांची नऊ. त्यांची आठ. नावं एकाखाली एक पडत गेली आणि तळाशी आकडा आला, बावीस. म्हातारा ओठ हलवत एकेक नाव वाचत होता, ही सगळी नावं त्याच्याच घरातली होती, त्यातल्या अर्ध्यांच्या नाकाचा शेंबूड त्याने पुसला होता, तरी तो ती पहिल्यांदाच भेटल्यासारखी वाचत होता.

"तालाय कितवा?"

"अकरावी ओळ."

"त्याच्यापासून वर मोज. मोठ्याने."

उल्जान मोजत गेली. बोरुबायला आठ आले.

"तुझ्याकडूनही आठ. मग बसलं," तो म्हणाला. "उद्या आम्ही येतो. तुझ्या आईला सांग, माझे दात राहिले नाहीत, मटण जरा जास्त शिजव म्हणावं. आणि तो दाराबाहेर उभा आहे ना तासभर, त्याला आत घे, थंडी आहे."

उल्जान धावत दाराकडे गेली. म्हातारा तिच्या खुर्चीत सरकून बसला, पडद्याजवळ वाकला, त्याच्याकडून चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं, आणि ती तालायला ओढत आत घेऊन आली तेव्हा मागे न बघताच म्हणाला, "ते बावीस जण वर सरकले बघ. परत खाली आण."